कुमक आणि बिनी : मेजावरील युद्धखेळांतील एक प्रश्न, वसईच्या मोहिमेच्या साक्षीनें

वऱ्हाड निघावयाच्या आधीं घरचा एक चलाख माणूस पुढें रवाना होतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. जानवसा झाडलेला आहे कीं नाहीं, पाण्याची सोय झाली कीं नाहीं, स्टेशनवरून मंडळींस कोणत्या रस्त्यानें आणावयाचें, हें सारें तो पाहून ठेवतो. मंगलाष्टकांच्या वेळीं त्याच्याकडे कोणाचें लक्षहि नसतें. परंतु तो पुढें गेलाच नाहीं, तर शंभर माणसांचें वऱ्हाड भर दुपारीं रस्त्यावर तिष्ठत उभें राहतें. मराठ्यांच्या लष्करांत असें पुढें जाणाऱ्या आघाडीच्या तुकडीस बिनी म्हणत, आणि मागाहून येणाऱ्या मदतीच्या फौजेस कुमक. आज ज्या खेळाविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांतील एक बिकट प्रश्न या दोन जुन्या शब्दांत सबंध मावतो : कुमक यशस्वी व्हावी म्हणून बिनीस कोणती तुकडी पाठवावी?

हा खेळ म्हणजे मेजावरील युद्धखेळ. बुद्धिबळाशीं त्याचें जवळचें नातें आहे. चतुरंग या शब्दांतच हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें सूचित झालीं आहेत. परंतु बुद्धिबळाचा पट चौकोनांचा. दोन्ही सैन्यें आरंभापासून डोळ्यांसमोर. आणि दैवास तेथें मुळींच वाव नाहीं. प्रशियांतील राइसविट्झ पितापुत्रांनीं या गोष्टी बदलून टाकल्या. पित्यानें १८१२ सालीं राजासाठीं एक मेज तयार केलें. त्यावर टेंकड्या, नद्या व गांवें यांचे तुकडे जुळवून हवी ती रणभूमि मांडतां येई. पुत्रानें १८२४ सालीं नकाशा, फांसे व पंच यांच्या साहाय्यानें खेळावयाची नियमावलि प्रसिद्ध केली. एक पाळी म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटें, असा त्याचा हिशेब होता. आणि जी तुकडी शत्रूस दिसण्यासारखी नाहीं, ती पंच नकाशावर ठेवीतच नसे. पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकारानें ‘लिट्ल वॉर्स’ हें पुस्तक लिहून लष्करी कचेरींतला हा खेळ घरच्या जमिनीवर, मुलांच्या शिशाच्या शिपायांत आणून बसविला. इंग्लंडांत १९८३ सालीं ‘वॉरहॅमर’ व १९८७ सालीं ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे खेळ निघाल्यावर त्याचा प्रसार जगभर झाला.

आज हा खेळ बहुधा ६ फूट लांब व ४ फूट रुंद मेजावर मांडतात. हातानें रंगविलेले इंच-सवा इंच उंचीचे शिपाई, पुठ्ठ्याचे डोंगर, लाकडाचीं घरें, अंतर मोजण्यास फीत आणि निर्णयास फांसे, एवढें त्याचें साहित्य. प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली असते, आणि दोन्ही खेळाडूंनीं सारख्याच गुणांचें सैन्य निवडावयाचें असतें. त्यामुळें अर्धा खेळ मेजापाशीं येण्यापूर्वींच, निवडींत, होऊन गेलेला असतो.

या खेळांत कांहीं सैन्य आरंभीं मेजावर न मांडतां बाजूस ठेवण्याची मुभा असते. यासच राखीव दळ म्हणतात. त्याचा मोह कोणासहि पडावा असाच आहे. शत्रूच्या तोफांचा मारा त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि तें कोठें उतरेल या धास्तीनें शत्रूस आपली मांडणी पसरट ठेवावी लागते. परंतु या मोहाची किंमतहि भरावी लागते. पहिली अडचण वेळेची, दुसरी जागेची, तिसरी अंतराची.

वेळेची अडचण अशी. जुन्या पठडीच्या कित्येक नियमावल्यांत राखीव तुकडी दुसऱ्या पाळींत आली कीं नाहीं, हें फांसा ठरवितो. ४, ५ किंवा ६ पडले तर ती आली. म्हणजे शक्यता निम्मी. दोन तुकड्या राखून ठेवल्या असतील, तर दोन्ही एकदम येण्याची शक्यता चारांत एक एवढीच. तिसऱ्या पाळींत ३ पडले तरी चालतात. तरीहि त्या पाळीच्या अखेरीस सहांत एक तुकडी बाहेर राहिलेली असते. अर्थात् कुमक बहुधा थोडी थोडी येते, आणि जशी येते तशीच थोडी थोडी मारली जाते.

अलीकडील नियमावल्यांत वेळेची ही अनिश्चितता बरीच कमी झाली असून जागेचा निर्बंध मात्र कडक झाला आहे. उतरणाऱ्या दळानें शत्रूच्या प्रत्येक शिपायापासून ९ इंचांहून अधिक दूर राहिलें पाहिजे, असा नियम पुष्कळ ठिकाणीं आढळतो. याचा अर्थ असा, कीं शत्रूचा एक फुटकळ शिपाईसुद्धां आपल्याभोंवतीं १८ इंच व्यासाचें वर्तुळ बंद करून बसतो. मेजाची लांब कड ७२ इंचांची. तिच्यावर १८-१८ इंचांच्या अंतरानें चार पहारे बसविले, कीं सबंध कड बंद झाली. या चार पहाऱ्यांची किंमत ती काय! पण त्यांनीं अडवून धरलेली कुमक निम्म्या सैन्याच्या मोलाची असूं शकते.

तिसरी अडचण अंतराची. उतरल्यावर त्याच पाळींत शत्रूवर तुटून पडावयाचें, तर दोन फांशांची बेरीज मधल्या अंतराएवढी पडावी लागते. दोन फांसे ३६ प्रकारांनीं पडूं शकतात. त्यांपैकीं ९ किंवा अधिक बेरीज अवघ्या १० प्रकारांत येते. म्हणजे दर चार वेळांपैकीं जवळजवळ तीन वेळां कुमक शत्रूसमोर उघड्यावर उभी राहून त्याच्या बंदुकांचें भक्ष्य होते. तेंच तिला एक पाळी थांबतां आलें, तर पुढील पाळींत ती ६ इंच चालून जाईल, आणि उरलेल्या ३ इंचांसाठीं ३६ पैकीं ३५ प्रकार तिच्या बाजूचे असतील. एका पाळीच्या उसंतीनें १० चे ३५ होतात! पण ही उसंत तिला कोण देणार? ती स्वतः मिळवूं शकत नाहीं. आदल्या पाळींत तर ती मेजावरहि नव्हती.

येथेंच बिनीच्या तुकडीचें काम सुरू होतें. कुमक येण्यापूर्वीं शत्रूचे पहारे उठवून जागा मोकळी करावी, उतरण्याच्या ठिकाणाची खूण धरून ठेवावी, आणि कुमक उतरल्यावर एक पाळी शत्रूस गुंतवून ठेवावें, हीं तिचीं तीन कामें. यांत शत्रूचा संहार करणें हें काम कोठेंहि नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. नवखा खेळाडू वेगवान तुकडी निवडतांना ती किती शिपाई मारील, असें विचारतो. मुरलेला खेळाडू विचारतो, कीं ती माझ्या कुमकेस कोणती जागा आणि कोणती पाळी मिळवून देईल?

हा प्रश्न मनाशीं धरला, म्हणजे निवडीचीं गमकें आपोआप हातीं येतात. पहिलें गमक अर्थातच वेग. परंतु वेग हा किती असावा, तें मेजाच्या मापावरून ठरवावें. मेजाची रुंदी ४८ इंच, आपली मांडणी कडेपासून १२ इंचांपर्यंत. ६ इंच चालणारें पायदळ दुसऱ्या पाळीअखेर मध्यावर येतें. तोंपर्यंत कुमकेची वेळ येऊन ठेपलेली असते. १२ इंच दौडणारा स्वार पहिल्याच पाळींत मध्य गाठतो आणि दुसऱ्या पाळींत शत्रूच्या मांडणीच्या रेषेस भिडतो. म्हणून दुसऱ्या पाळींत येणाऱ्या कुमकेसाठीं १२ इंचांची चाल हा चैनीचा वेग नसून गरजेचा वेग होय. मात्र हा हिशेब मोकळ्या माळाचा. वाटेंत खाजण, दाट झाडी किंवा कुंपणें असतील, तर घोड्याचा वेग कागदावरच राहतो. तेथें आधींच पुढें दबा धरून बसण्याची मुभा असलेली पायींची हेरतुकडी अधिक उपयोगी पडते.

दुसरें गमक तगून राहण्याचें. बिनीच्या तुकडीनें शंभर घाव सोसावे अशी अपेक्षा नाहीं. तिनें एक पाळी जगावें एवढीच आहे. येथें एका मोठ्या तुकडीपेक्षां दोन लहान तुकड्या बऱ्या. एकेक तुकडी जगण्याची शक्यता निम्मी धरली, तरी दोहोंपैकीं निदान एक उरण्याची शक्यता चारांत तीन होते. शिवाय दोन तुकड्या दोन बाजूंस गेल्या, म्हणजे कुमक कोठें उतरणार हें शत्रूस शेवटपर्यंत कळत नाहीं.

तिसरें गमक खूण देण्याचें. ‘वॉरहॅमर ४०,०००’ च्या जुन्या आवृत्त्यांत ‘रेव्हनविंग’ नांवाच्या दुचाकीस्वारांजवळ एक खुणेचें यंत्र असे. तें जेथें असेल त्याच्या आसपास ‘डेथविंग’ हें जड चिलखती दळ अचूक उतरे. यंत्र जवळपास नसलें, तर फांशाच्या लहरीप्रमाणें तें दळ भलतीकडे, प्रसंगीं ऐन संकटांत, जाऊन पडे. हलक्या स्वारांनीं पुढें जावें आणि भारी दळानें त्यांच्या खुणेवर यावें, ही जोडी या खेळाच्या रसिकांत प्रसिद्धच आहे.

चौथें गमक किमतीचें. बिनीवर केलेला खर्च कुमकेंतून वजा होतो. राखीव दळाच्या मोलाच्या चौथाईहून अधिक गुण बिनीवर घालूं नयेत, असें माझें मत आहे. जानवसा पाहावयास जाणाऱ्यांचीच पंगत उठली, तर वऱ्हाडांत जेवावयास कोण उरणार? आणि पांचवें गमक तुकडीचें नसून खेळाडूचें आहे. तें म्हणजे संयम. पहिल्याच पाळींत समोर एकाकी तोफ दिसते. स्वार जवळ आहेत, हात शिवशिवतात, तोफ मारली जाते. पण पुढच्याच पाळींत ते स्वारहि मारले जातात, आणि कुमक येते तेव्हां तिच्यासाठीं ना जागा राखलेली असते, ना उसंत.

आतां हाच हिशेब आपल्या दाराशीं घडलेल्या एका मोहिमेस लावून पाहूं. १५३४ च्या तहापासून दोन शतकें वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. किल्ल्याच्या तीन बाजूंस पाणी आणि एकाच बाजूस सलग जमीन. अशा ठिकाणीं कोंडलेल्या शिबंदीचें बळ तटाच्या दगडांत जितकें, तितकेंच समुद्रावरून येणाऱ्या मदतींत असतें. युद्धखेळाच्या भाषेंत बोलावयाचें, तर पोर्तुगीजांचें राखीव दळ मेजाबाहेर, पाण्यावर होतें. आणि त्यास उतरावयास किनाऱ्याची सारी कड मोकळी होती.

१७३७ च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोवले. वसईवर मात्र त्या वेळीं केलेले प्रयत्न फसले. पुढें चिमाजी आप्पा पुन्हां कोंकणांत उतरले, तेव्हां आधीं आजूबाजूचा किनारा आणि मग वसई, असा क्रम त्यांनीं धरला. १७३९ च्या आरंभीं उत्तरेकडील केळवें-माहीम, तारापूर व डहाणू हीं ठाणीं पडलीं. दक्षिणेस वेसावें गेलें. वसईच्या खाडीपलीकडील धारावीहि गेली. ही धारावी मुंबई शहरांतील नव्हे, तर उत्तनच्या बाजूच्या डोंगरावरील. पाण्यावर मानाजी आंग्र्यांचें आरमार फिरत होतें. आणि सर्वांत दूरची चाल तर वसईपासून दोनशेंहून अधिक मैलांवर खेळली गेली. चिमाजी आप्पांचे मेहुणे इचलकरंजीकर व्यंकटराव घोरपडे यांनीं गोव्यांत शिरून मडगांव घेतलें व राचोलच्या किल्ल्यास वेढा घातला. राजधानीच्या दारांत शत्रू उभा असतां गोव्याहून वसईस फौज पाठवावी कशी?

या साऱ्या हालचालींकडे खेळाडूच्या दृष्टीनें पाहावें. वर सांगितलेले कडेवरचे चार पहारे ते हेच. मराठ्यांनीं पोर्तुगीजांचें राखीव दळ गांठून मारलें असें नव्हे. त्यास उतरावयास जागा आणि निघावयास फुरसत ठेवली नाहीं. उलट जमिनीची बाजू मराठ्यांस मोकळी होती, आणि माळव्यांत नांवाजलेले मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्या फौजा वसईच्या मोर्च्यांत येऊन दाखल झाल्या. एका पक्षाची कुमक पोंचली, दुसऱ्याची पोंचूं शकली नाहीं. वेढ्याचा निकाल तटास भगदाड पडण्यापूर्वीं बराचसा येथेंच लागला होता.

तरीहि तट लढूनच घ्यावा लागला. मे महिन्यांत सुरुंग उडवून हल्ले झाले. कांहीं सुरुंग वेळेवर उडाले नाहींत. ते मागाहून उडाल्यानें पुढें धांवलेले आपलेच लोक दगडांखालीं गाडले गेले. वेळ चुकण्याची किंमत काय असते, हें याहून स्पष्ट कोठें दिसणार? १६ मे १७३९ रोजीं शरणागतीचा करार झाला, आणि शिबंदीस आठ दिवसांच्या मुदतींत शस्त्रांसह सन्मानानें निघून जाण्याची मुभा मिळाली. तोंपर्यंत मराठ्यांकडील मृत व जखमी यांची गणती हजारोंवर गेली होती.

वसई-विरारकडील घरांतून ही मोहीम मेजावर मांडावयाची असेल, तर ती सोप्या रीतीनें मांडतां येते. मेजाची एक लांब कड समुद्र समजावी. तिच्यावर १८-१८ इंचांच्या अंतरानें तारापूर, माहीम, धारावी व वेसावें यांचे चार दगड ठेवावे, आणि मध्यें किल्ला. भूगोलाच्या दृष्टीनें हें माप खोटें आहे, पण कामापुरतें पुरें आहे. पोर्तुगीज खेळाडूची कुमक गलबतांतून येईल. दर पाळीस ४ किंवा अधिक पडल्यास एक तुकडी किनाऱ्यास लागेल. मराठ्यांनीं जो दगड घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंचे ९-९ इंच बंद. मराठा खेळाडूनें आरंभींच आपल्या सैन्याचा पांचवा हिस्सा गोव्याकडे म्हणून बाजूस काढून ठेवला, तर पोर्तुगीज कुमकेस ४ ऐवजीं ६ लागतील. म्हणजे तिची शक्यता निम्म्यावरून सहांत एकावर येईल. हा पांचवा हिस्सा मेजावर एकहि शत्रु मारणार नाहीं. तो सोडावयाचा कीं नाहीं, यावर घरांत चांगला वाद रंगेल. आणि तो वाद म्हणजेच या खेळाचें शिक्षण.

मात्र एका गोष्टीचें भान ठेवावें. खेळांत ठाणें घेणें म्हणजे फांसा टाकणें. प्रत्यक्षांत तीं ठाणीं तोफा लावून, शिड्या लावून, माणसें खर्ची घालून घ्यावीं लागलीं. तारापूर घेतांना बाजी भीवराव रेठरेकर हा सरदार कामास आला, आणि त्याच्या आईस पेशव्यांच्या घराण्यांतून सांत्वनाचें पत्र गेलें. वसईच्या विजयाचा नगारा वाजण्यापूर्वीं कांहीं महिने तें घर उदास झालें होतें. पुढें गेलेल्यांचें भाग्य असेंच असतें : त्यांनीं राखलेल्या वाटेनें दुसरे येतात, आणि यश मागून येणाऱ्यांच्या पदरीं पडतें.

युद्धखेळाच्या रूढ हिशेबांत या गोष्टीची नोंद राहत नाहीं. बिनीची तुकडी स्वस्त, म्हणून ती उधळावयाची, अशी खेळाडूंची संवय होऊन बसते. यावर माझी एक लहानशी सूचना आहे. डाव संपल्यावर जय-पराजयाचे गुण मोजतांना, काम पुरें करून जिवंत परतलेल्या प्रत्येक वेगवान तुकडीसाठीं तिच्या किमतीइतके गुण जादा द्यावे. एवढ्या एका नियमानें खेळ बदलतो. मग खेळाडू तुकडी पुढें पाठवितांना तिच्या परतीची वाटहि पाहूं लागतो; पहारा उठविला, कुमक उतरली, एक पाळी शत्रूस अडविलें, कीं तो तिला मागें घेतो. कुमकेची किंमत तर सर्वांसच कळते. जो पुढें जाऊन जागा राखतो त्याची किंमत ओळखणें, ही सेनापतीची खरी परीक्षा होय. आणि घरच्या मेजावर, रविवारच्या दुपारीं, कोणाचेंहि रक्त न सांडतां ती देतां येते.